साडूंच्या खिशातले दोन खडू

देवाने मनुष्यास डोळे दिले ते केवळ वाटेतले खड्डे चुकवण्यासाठी, जगाची खरी पारख करावयाची ती कानांनीच, या मताचा मनुष्य आमच्या बेळगाव भागात एकच निपजला आणि तो नेमका माझा साडू झाला. उद्यमबागेतल्या एका ओतकारखान्यात ते तपासनीस होते. साच्यातून निघालेली पंपांची कवचे आणि नाना आकारांचे बिडाचे भाग त्यांच्यापुढे रांगेने मांडले जात. हे एकेक भाग साखळीला टांगून त्यास पाव किलोच्या हातोडीने एकच टोला देत आणि मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत. निर्दोष ओतकाम घंटेसारखे वाजते आणि त्याचा नाद सावकाश विरत जातो. आत केसाएवढी जरी चीर असली तरी आवाज बद्द येतो आणि मध्येच तुटतो. नाद विरला तर पांढऱ्या खडूची बरोबरची खूण, तुटला तर लाल खडूची फुली, असा त्यांचा न्याय होता आणि त्यावर अपील नव्हते. हे दोन खडू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असत. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा खिशावर एक डाग आहे. फोटो काळा-पांढरा असल्यामुळे तो कोणत्या खडूचा, यावर आमच्या सासुरवाडीत अद्याप एकमत झालेले नाही.

ही विद्या कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून घरी यावे, एवढे तारतम्य त्यांस नव्हते. नारळ आणि मडके आपणही वाजवून घेतो. हे भोपळा वाजवीत, पाट वाजवीत, तव्यावरून उतरलेली भाकरी वाजवीत. मुलगी पाहावयास आले तेव्हा माझ्या मेहुणीस त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तिने पोह्यांच्या बश्या पुढे ठेवल्या तेवढे डोळे मिटून ऐकले आणि "पसंत हाय" म्हणून उठले. पोहे तसेच राहिले, ते मी खाल्ले. एकदा आम्ही सर्व खानापुरास लग्नाला निघालो असता, स्टँडावर यांनी बसच्या मागच्या चाकावर हातोडी मारली आणि "हिचं चाक काय नीट बोलत न्हाई" म्हणून चढण्यास साफ नकार दिला. आम्ही त्याच बसने सुखरूप पोहोचलो; हे दुसऱ्या बसने अक्षता पडून गेल्यावर आले. मी त्यांस म्हणालो, "साडू, तुमच्या त्या चाकाला काही झाले नाही हो." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पोचली खरी. पन कशी पोचली ते तिचं तिला म्हाईत." डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटाने टकटक केली, तर त्यांनी डॉक्टरांचे बोट उचलून दोन इंच डावीकडे ठेवले.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे क्रमप्राप्त आहे. मी मामलेदार कचेरीच्या आवारात अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत झाले, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेसाठी म्हणून कोणत्याही टेबलावरून परत आला, असे आजवर घडलेले नाही. माझ्या मसुद्याची वळणे पाहून एका शिरस्तेदारांनी मला दोन वेळा चहा पाजला होता. साडूंपाशी मात्र या कशाचीच मातब्बरी नव्हती. "वाचून दावा" म्हणत, डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत, "अण्णा, ह्यो वाजत न्हाई. 'कृपावंत' शबुद तीनदा आलाय, तिथं तिथं बद्द लागतोय." एकदा त्यांनी माझ्या कागदांच्या लाकडी पेटीवर टिचकी मारून आत वाळवी असल्याचे जाहीर केले. मी त्यांस चार शब्द सुनावले. आठ दिवसांनी पेटीचा तळ माझ्या हातात आला. तेव्हापासून मी पत्र्याची ट्रंक वापरतो आणि ती त्यांच्यापासून दूर ठेवतो.

अशा मनुष्यास लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. तिचे पाळण्यातले नाव मोठे होते, पण सगळे बेबीच म्हणत. माझी मेहुणी, म्हणजे बेबीची आई, बेळगुंदीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सकाळी नऊच्या बसने जाई, ती दिवेलागणीला परत येई. बेबीस साडूंच्या मातोश्री सांभाळीत. मोठ्या दुष्काळानंतरच्या दोनतीन वर्षांत मातोश्री वारल्या आणि अडीच वर्षांची बेबी दिवसभर कोणापाशी ठेवावी हा प्रश्न उभा राहिला. मेहुणीने चार दिवस तिला शाळेत नेले. बेबीने हजेरीपटावर शाई सांडली आणि मुख्याध्यापकांनी हात जोडले. शेवटी मेहुणीने एक महिन्याची बिनपगारी रजा घेतली. रजा संपल्यावर सोमवारी हजर व्हायचे, नाहीतर नोकरी सोडायची. चौदा वर्षांची नोकरी होती ती. तिच्या माहेरी बाईमाणसाने मिळवलेली ती पहिलीच नोकरी होती आणि तिच्या नेमणुकीसाठीचा अर्ज मीच लिहिलेला होता, म्हणून या प्रकरणात माझाही थोडा वाटा होता असे मी मानतो.

एखादी चांगली बालवाडी शोधणे हे काम कोणाही बापाने दोन दिवसांत उरकले असते. शहापूर, टिळकवाडी, वडगाव मिळून तेव्हा डझनभर बालवाड्या आणि शिशुविहार होते. काही देवळाच्या ओवरीत, काही घराच्या सोप्यात, तर एकदोन चांगल्या इमारतींतही. साडूंना मदत व्हावी म्हणून मी एकवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार करून दिली. त्यात संस्थेची नोंदणी, बाईंचे प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय, माध्यम इत्यादी मुद्दे क्रमवार मांडले होते. पैकी माध्यमाचा प्रश्न मी पहिला घातला होता. आमच्या भागात त्या दिवसांत दुकानाची पाटी असो की बाळाचा पाळणा, भाषा कोणती हे आधी विचारले जाई, आणि माझ्या मते ते योग्यच होते. साडूंनी कागद हातात घेतला.

"अण्णा, अडीच वर्साचं पोर कुठल्या भाषेत रडतंय?"

"तो प्रश्न नाही, साडू. प्रश्न संस्काराचा आहे."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. प्रश्नावलीचा त्यांनी योग्य उपयोग केला असे नंतर समजले. प्रत्येक बालवाडीच्या भिंतीबाहेर दगडावर बसताना ते ती खाली अंथरीत असत.

कारण त्यांची पद्धत ही अशी होती की आत जायचेच नाही. कारखान्यात त्यांनी मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली आणि सकाळी घरी झोपायचे सोडून ते एकेका बालवाडीच्या भिंतीला पाठ लावून बसू लागले. बाईंशी बोलणे नाही, फीची चौकशी नाही, नुसते ऐकणे. संध्याकाळी आमच्या घरी येऊन ते निकाल सांगत आणि माझी मंडळी त्यांच्यापुढे चहा ठेवी. "देवळातली न्हाई चालायची. तीन बसा गेल्या, पर त्येच पोरगं त्येच रडणं. कुनी बगितलंच न्हाई त्येच्याकडं." दुसऱ्या दिवशी, "ती इंग्रजी हाय न्हवं, तिथं पोरं एकसारखी गात्यात, आक्का. रडतच न्हाईत. लेकरू अकरा वाजल्यापास्नं दोनपतोर एकदाबी रडंना, म्हंजे काय म्हनायचं?" तिसऱ्या दिवशी, "बाईच रडत हुत्या."

माझी मंडळी एके दिवशी वैतागून म्हणाली, "भावजी, रडणारी पोरंच चांगली असं कुठं असतंय व्हय? रडं ऐकू न येणारी बालवाडी शोधा की!"

"तशी नसतीया, आक्का," साडू म्हणाले. "टोला बसल्याबिगर कुठलंबी बीड वाजत न्हाई. पोर आईला सोडून आलंय, रडणारच. रडण्यावर निकाल नसतोय. रडणं थांबतंय कसं, त्येच्यावर हाय."

हे सारे मी त्यांच्या इतर लहरींप्रमाणे सोडून दिले असते. परंतु तिसऱ्या आठवड्यात एका बालमंदिराच्या संचालिका माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आल्या. हे बालमंदिर शहरात नावाजलेले होते. इमारत स्वतःची, प्रशिक्षण प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले, माध्यम मराठी. त्यांचा अनुदानाचा अर्ज मीच लिहिला होता आणि बेबीसाठी त्यांच्याकडे मी माझ्या शब्दावर एक जागाही राखून ठेवली होती. बाई संतापलेल्या होत्या.

"लिहा. कोणी अज्ञात इसम आमच्या फाटकाच्या खांबावर लाल फुली मारून जातोय. दोनदा पुसली, दोनदा मारली."

"फुली कशाची आहे?" मी विचारले.

"तेच कळेना. आमची आया म्हणते करणी आहे. शेजारचे म्हणतात दरोडेखोर आधी खूण करून ठेवतात. काल चार पालकांनी मुलं पाठवली नाहीत हो!"

लेखणी माझ्या हातात होती आणि लाल फुली म्हटल्यावर ती क्षणभर थबकली. परंतु व्यवसायाचा धर्म असा आहे की समोर बसलेल्याचे म्हणणे लिहावे, आपले नव्हे. मी तो अर्ज लिहिला. 'अज्ञात समाजकंटकाने भीतीचे वातावरण निर्माण करण्याच्या हेतूने' हे वाक्य त्या वर्षातले माझे सर्वोत्तम वाक्य होते. ते मी माझ्या सख्ख्या साडूंविषयी लिहीत आहे, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होते.

संध्याकाळी मी ट्रंकेसह तडक त्यांच्या घरी गेलो. ते बेबीस मांडीवर घेऊन बसले होते. बेबी त्यांची हातोडी पितळी डब्यावर मारीत होती आणि हे तिला "आता आयक... आयक..." म्हणून शिकवीत होते.

"साडू, खडू खिशात ठेवायचे असतात की लोकांच्या फाटकावर घासायचे असतात?"

"रिजेक्ट मालावर खूण नको व्हय, अण्णा?" त्यांनी अगदी सरळपणाने विचारले. "न्हाईतर उद्या दुसरा कुनी बाप फसंल की."

"ते काय पंपाचे कवच आहे? माझ्या शब्दावर जागा ठेवली आहे तिथे. प्रमाणपत्र आहे बाईंकडे!"

"असंल. पर आवाज तुटतोय." त्यांनी बेबीच्या हातून हातोडी हळूच काढून घेतली. "मी पाच दीस बसलो. पोरगं रडाया लागतंय, आन् मधीच पट्‌दिशी गप. सुरीनं कापल्यागत. हुंदका न्हाई, नाक वडणं न्हाई, काय न्हाई. येवढं मोठं रडणं असं येकदम संपत नसतंय, अण्णा. आत कायतरी दावत असत्याल त्येला. पट्टी म्हना, न्हाईतर अंधारी खोली."

मी म्हणालो की हा केवळ तर्क आहे आणि तर्कावर अब्रू घेता येत नाही. त्यावर आतापर्यंत चुलीपाशी असलेली मेहुणी बाहेर आली. ती मृदू बोलणारी बाई. वर्गावरसुद्धा तिचा आवाज चढत नसे. त्या दिवशी चढला.

"अकरा बालवाड्या झाल्या. अकराबी फुलीच्या. आता येकच जागा ऱ्हायली बगा, मारा माझ्या नोकरीवर फुली म्हंजे सुटलात!" मग ती माझ्याकडे वळली. "दाजी, राजीनामा लिहून द्या. सोमवारी हजर व्हायचंय. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा. जमलं तर फाडीन, न्हाई जमलं तर तारीख घालून देऊन येईन."

मी ट्रंक उघडली. आयुष्यात मी पुष्कळ कठीण मसुदे केले, वाटणीचे केले, काडीमोडीचे केले. परंतु चौदा वर्षांची सेवा 'घरगुती अडचणीमुळे' या शब्दाखाली पुरणे इतके अवघड जाईल असे वाटले नव्हते. सहाच ओळी झाल्या. शिरस्त्याप्रमाणे मी ते वाचून दाखवले. साडू डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावरही त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"ह्यो मातूर वाजतोय, अण्णा," ते हळूच म्हणाले. "लई वंगाळ वाजतोय."

दुसऱ्या दिवशी ते ओला फडका घेऊन गेले आणि अकराही ठिकाणच्या फुल्या पुसून आले. "पुसल्या. पर रिजेक्ट ती रिजेक्टच," एवढे मात्र मला ऐकवून गेले. बालमंदिराच्या त्या अर्जावर पुढे काहीही कारवाई झाली नाही. माझा अर्ज निकालाविना पडून राहिल्याचे समाधान मला त्या एका वेळीच वाटले.

मग शनिवार उजाडला. कचेरी अर्ध्या दिवसाची होती आणि मी ट्रंक आवरीत होतो, इतक्यात साडू सायकलवर घामाघूम होऊन आले. उद्यमबागेतून पगार घेऊन परत येताना अनगोळच्या वाटेवर सायकलची साखळी पडली, ती चढवायला ते एका कुडाच्या भिंतीशी वाकले आणि तिथे त्यांस काहीतरी ऐकू आले, एवढेच त्यांच्या बोलण्यातून कळले. "चला. तुमी थोरले. तुमीबी ऐकाया पायजे." मी सायकलच्या मागच्या बैठकीवर बसलो, ट्रंक मांडीवर घेतली आणि भर बाजारातून माझी वरात निघाली. माझ्या ओळखीचे दोन वकील रस्त्यात भेटले. मी आकाशाकडे पाहात राहिलो.

घर साधे कौलारू होते. पाटी नाही, नोंदणी तर दूरच. कारखान्यात आणि मागावर जाणाऱ्यांची दहाबारा मुले एक साठीच्या बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या सोप्यात सांभाळीत. त्यांना सगळे आक्का म्हणत आणि त्या कन्नड बोलत, मराठी कामापुरती. आम्ही भिंतीशी बसलो आणि मी माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आठवून तोंड उघडणार, तोच साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आत एक मूल रडू लागले होते.

"आयका."

मी ऐकले. मूल मोठ्याने रडत होते. एक जाडसर, बायकी आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अळब्याड, अळब्याड", म्हणजे रडू नको रे. भांडे वाजले. दुसरी पोरे आपापल्या उद्योगात ओरडत होती.

"ऐकलं?"

"रडणे ऐकले."

"थांबलं कवा?"

मी लक्ष दिले. रडणे थांबले होते खरे. पण कधी थांबले ते मला सांगता येईना. साडूंचे डोळे मिटलेलेच होते आणि त्यांच्या तोंडावर असे काही होते की मी नोंदणीचा विषय काढला नाही. त्यांनी खिशातून पांढरा खडू काढला, भिंतीपाशी नेला आणि परत खिशात ठेवला.

"न्हाई. ही लोकाची पोरं झाली. आपल्या मालावर टोला मारून बगितल्याबिगर खूण न्हाई."

सोमवारी सकाळी आम्ही चौघे आक्कांच्या दारात उभे होतो. मेहुणी इस्त्रीचे पातळ नेसून, खांद्याला पिशवी लावून आली होती. पिशवीत राजीनामा होता आणि त्यावर तारीख घालायला माझेच पेन तिने मागून घेतले होते. नऊची बस गाठायची तर पाव तासात निघायला हवे होते. साडूंनी रात्रीची पाळी करून, डोळे लाल झालेले, बेबीला खांद्यावर आणले. त्यांचा बेत सरळ होता. बेबी आत जाईल, रडेल, हे बाहेर बसून ऐकतील, आणि नाद कसा विरतो ते पाहून खूण करतील.

बेबी आत गेली. सोप्यात करवंट्यांचा ढीग होता. तिने एक करवंटी उचलली, दुसरीवर आपटली, कान लावून ऐकली आणि खाली बसली. आमच्याकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिले नाही.

"बेबी," साडूंनी हाक मारली, "आई चालली बग गं."

बेबीने हात हलवला. "टाटा."

"बाबाबी चालला!"

"टाटा."

साडू हवालदिल झाले. "ही रडंना," ते मला म्हणाले. "आता मी तपासू कसा? रड की गं माझे बाई, वाईच रड!"

"अवो, पोर रडत न्हाई म्हणून रडकुंडीला आलेला बाप तुमीच बगा पयला!" मेहुणी म्हणाली. तिने पिशवीतून राजीनामा बाहेर काढला. "काय ते लौकर सांगा. मी शाळंत जाऊ का राजीनामा द्यायला जाऊ?"

साडू दारातच उभे होते. त्यांनी बेबीकडे पाहिले. बेबीने तिसरी करवंटी घेतली होती. बारा वर्षे वाट पाहून झालेली ती मुलगी, जन्मापासून त्यांच्या मांडीवर ठोकून, वाजवून वाढलेली; तिला त्यांची त्या क्षणी काडीचीही गरज नव्हती. ते काहीतरी बोलायला गेले आणि त्यांच्या घशातून शब्दाऐवजी दुसराच आवाज आला. मग आणखी एक आला. बिडावर हातोडी मारणारा बेचाळीस वर्षांचा तो रुंद खांद्याचा मनुष्य लोकांच्या दारात, चौकटीला धरून, हमसून हमसून रडू लागला.

सोप्यातली सगळी पोरे खेळ सोडून पाहू लागली. मी संकोचून रस्त्याकडे तोंड केले. पण आक्का उठल्या. त्यांना काही विशेष घडले आहे असे वाटलेच नसावे; सकाळी दारात रडणारे त्यांच्याकडे रोजच कोणी ना कोणी असे. त्यांनी साडूंचा दंड धरून त्यांना खाली बसवले, एका हाताने त्यांच्या पाठीवर थोपटले आणि म्हणू लागल्या, "अळब्याड. अळब्याड, अप्पा. पोरगी कुठं जातीया? हितंच हाय. बस बा, बस." दुसऱ्या हाताने त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. कोणतीही घाई नव्हती. हुंदके मोठे होते, मग लहान झाले, मग त्यांच्या मध्ये जागा पडत गेली, मग नुसते नाक ओढणे राहिले, आणि मग गूळ चघळण्याचा आवाज. बेबी उठून आली, बापाच्या मिशीला लागलेला गूळ तिने बोटाने पुसून खाल्ला आणि ती करवंट्यांकडे परत गेली. पोरे हसली.

साडूंनी डोळे उघडले. "अण्णा," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर मी तसा आनंद पुन्हा पाहिला नाही, "इरला वो! नाद इरला. तुटला न्हाई!"

ते बाहेर आले आणि फाटकाच्या खांबावर त्यांनी पांढऱ्या खडूने बरोबरची भली मोठी खूण केली. ती पुरती होईपर्यंत मेहुणीने राजीनामा माझ्या हातात कोंबला, "दाजी, ह्ये ठेवा तुमच्यापाशी!" म्हणाली आणि पातळ सावरीत बसथांब्याकडे पळाली. पेन तिने नेले ते नेलेच.

बेबी तिथे तीन वर्षे राहिली. कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात बोलू लागली, म्हणून मी काही दिवस नाराज होतो. पुढे तिने माझ्याच ट्रंकेपाशी बसून माझ्या कन्नड पक्षकारांचे म्हणणे मला सांगावयास सुरुवात केली, तेव्हा मी तो विषय आवरता घेतला. साडू दिवसपाळीला असले की जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्या भिंतीशी येऊन बसत. खांबावरची खूण दर पावसात धुऊन जाई आणि पाऊस उघडला की ते येऊन, थोडा वेळ ऐकून, ती पुन्हा करीत. बेबी मोठ्या शाळेत गेल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नाही. "माल एकदा पास केला म्हंजे कायमचा झाला व्हय? दर साली बगाया पायजे," असे ते म्हणत.

आता मेहुणी बेळगुंदीच्या त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. तारखेची जागा मोकळी असलेला तिचा राजीनामा माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे; तो मी फाडावा असे तिने कधी सांगितले नाही आणि मलाही ते सुचले नाही. आक्का वारल्या, त्यांची सून मुले सांभाळते. साडूंचे कान गेले. इतक्या वर्षांचे हातोडीचे टोले आणि कारखान्याचा गोंगाट यांनी आधी बारीक आवाज नेले, मग मोठे. एके दिवशी त्यांनी चिरलेल्या कवचावर पांढरी खूण केली, दुसऱ्याने दाखवून दिल्यावर ती चूक मान्य केली, हातोडी मेजावर ठेवली आणि मुदतीआधी घरी आले.

यंदा बेबी कोल्हापूरला पॉलिटेक्निकात गेली. मुलींच्या वसतिगृहात राहते. तिला पोहोचवायला साडू गेले होते. कोगनोळीचा सरहद्दीवरचा नाका ओलांडून, अनोळखी गावी, वसतिगृहाच्या भिंतीबाहेर ते दुपारभर बसले होते म्हणे. परत आल्यावर मी विचारले, कानाशी तोंड नेऊन विचारले, "कसे आहे वसतिगृह?"

"काय ठावं," ते म्हणाले. "काय ऐकूच आलं न्हाई, अण्णा. खूण न करताच आलो."

त्यानंतर आठवड्याने पाऊस उघडला आणि ते माझ्याकडे कचेरीत आले. त्यांनी माझी ट्रंक उचलली. आम्ही दोघे चालत अनगोळच्या वाटेला गेलो आणि त्या भिंतीशी बसलो. भिंत आता विटांची झाली आहे. साडूंनी तळवा भिंतीला लावला आणि माझ्या तोंडाकडे पाहात राहिले.

"सांगा."

"एक रडतेय," मी मोठ्याने म्हणालो.

"मग?"

मी त्यांना हाताने थांबवले आणि ऐकले. जन्मभर मी लोकांचे म्हणणे ऐकले ते लिहिण्यापुरते. इतके लक्ष देऊन मी बहुधा पहिल्यांदाच ऐकत होतो. आत आक्कांची सून काहीतरी पुटपुटत होती. सासूचेच शब्द होते ते. रडणे कमी झाले, पुन्हा थोडे वाढले, हुंदक्यावर आले. कुठे एक संपले आणि दुसरे सुरू झाले ते या वेळीही मला सांगता आले नसते. मी मान हलवली.

साडूंनी खिशात हात घातला आणि पांढरा खडू माझ्यापुढे धरला.

"मी?"

"ज्येनं ऐकलं त्येनंच खूण करायची. कारखान्याचा नेम हाय."

मी उठून खांबावर खूण केली. खाली नाव, हुद्दा, दस्तूर काहीच लिहायचे नव्हते, त्यामुळे हात जरा चुकला. साडूंनी ती लांबून पाहिली.

"वाकडी आलीया," ते म्हणाले. "असू दे. चालंल."

मग ते उठले नाहीत. मीही बसलो. कोल्हापूरची बस त्या वाटेने जात नाही. पण मोठ्या रस्त्याने एखादी गाडी गेली की जमीन किंचित हादरे, आणि प्रत्येक वेळी ते भिंतीवरचा तळवा न काढता मान वर करून तिकडे पाहात होते.